कंपनीचा एसी

जगातल्या यच्चयावत वस्तूंची, माणसांची आणि देवळांचीसुद्धा दोनच गटांत वाटणी करून वर्षानुवर्षं निर्धास्त झोपणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. ‘कंपनीचो’ आणि ‘लोकल’ हे त्यांचे ते दोन गट. जे मुळात होतं तसंच राहिलं ते कंपनीचं. नंतर कुणी बसवलं, चिकटवलं, रंगवलं किंवा सुधारलं की ते लोकल. हा ‘लोकल’ शब्द मामा असा उच्चारतात की ऐकणारा स्वतःच्या चपलेला काही लागलंय का म्हणून खाली बघतो. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या जेवणाला त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. मामा पोटभर जेवले, नव्या सभामंडपाच्या फरशीवरून चालले आणि हात धुता धुता ट्रस्टींना म्हणाले, “देव कंपनीचो आसा. बाकी सगळा लोकल केलात.” माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्यात वाकून बराच वेळ पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. “नाक कंपनीचा आसा,” ते म्हणाले. म्हणजे त्यांच्या घराण्याचं. “बाकीचा मागसून बघूया.” तो ‘बाकीचा’ भाग माझ्याकडून आला होता.

या वेडाचं मूळ त्यांच्या धंद्यात आहे. देवगडजवळ जामसंड्याला त्यांची हापूसची बाग. मोसमात कुठूनकुठून आलेल्या आंब्याच्या पेट्यांवर देवगडचं लेबल लागलेलं बघून बघून त्यांचा जगावरचा विश्वास उडालेला. डोळे मिटून नुसत्या वासावर आंबा कुठला ते सांगण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नाही. एकदा हायवेवरच्या एका स्टॉलवर पुण्याचं एक कुटुंब पेटी घेत होतं. मामांनी काही कारण नसताना गाडी थांबवली, पेटीतलं एक फळ उचललं, देठाशी नाक नेलं आणि शांतपणे म्हणाले, “ह्यो घाट उतरान इलेलो आसा.” कुटुंब निघून गेलं. स्टॉलवाला आमच्या मागे बराच लांबपर्यंत धावला. मामा आरशात बघत म्हणाले, “धावताहा बरो. धावणा तरी कंपनीचा आसा.”

अशा माणसाच्या हाती कादरभाईंची गाडी आली, हा योगायोग म्हणायचा की शिक्षा, हे मामींना विचारलं पाहिजे.

विजयदुर्गचे कादरभाई हे मामांचे शाळेपासूनचे मित्र. पुढे ते बहारीनला गेले, धंद्यात जम बसवला आणि परत येताना एक काळी, लांबलचक जर्मन गाडी बोटीने घेऊन आले. त्या काळात आमच्याकडे एसी ही वस्तू सिनेमा थिएटरच्या पाटीवर वाचायची, आणि कादरभाईंच्या गाडीत तो कारखान्यातूनच बसून आलेला. डॅशबोर्डच्या लाकडातल्या जाळ्यांतून गार वारा येतो म्हणे, एवढंच ऐकून लोक काचेला नाक लावून बघायचे. वय झालं, गुडघे गेले, क्लच दाबवेना, तेव्हा कादरभाईंनी ती मामांना दिली. मुंबईतल्या मुलांना ती नको होती, त्यांना ती उभी करायलाच जागा नव्हती. चावी हातात ठेवताना कादरभाई एवढंच म्हणाले, “जशी दितंय तशी ठेय. हिचा काय एक बदलू नको.” हे वाक्य जगातल्या दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं तर चाललं असतं.

पहिल्याच उन्हाळ्यात एसी बंद पडला. मामांनी कणकवलीच्या एसीवाल्याला बोलावलं. हा गृहस्थ बोलायला लागला की समोरच्याला पंखा बंद केल्यासारखं वाटतं. त्याने बॉनेट उघडलं, हळहळला आणि म्हणाला, “मामानू, तुमच्या ह्या कॉम्प्रेसराचो गॅसच आता बाजारात गावणा नाय. ह्या घोड्याचो चारोच संपलो. माझो बसवा. लहान आसा, पण बर्फाची फॅक्टरी! डॅशबोर्डाच्या खाली पेटी, पुढे नवीन कॉम्प्रेसर, मधी पायपीक दोनच भोका.”

“भोका?” मामांनी विचारलं.

“बारकी हो. दिसूची पण नायत.”

मामांनी बॉनेट खाली घेतलं. आपटलं नाही, हळूच बसवलं, आणि त्यावर तळहात ठेवून ते म्हणाले, “तुझ्या घराक पाड भोका.”

त्यानंतर गाडी तशीच राहिली. कंपनीच्या जाळ्या, कंपनीची बटणं, कंपनीचा मेलेला कॉम्प्रेसर. अडचण एकच होती. महिन्यातून एकदा मामा कादरभाईंना भेटायला विजयदुर्गला जात, आणि एसी गेला हे मित्राला सांगायची त्यांना लाज वाटे. जपायला दिलेली वस्तू एका उन्हाळ्यात बिघडली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून वाटेतलं पडेल गाव मागे गेलं की मामा चारी काचा वर घ्यायचे. एप्रिलच्या दुपारी, काळ्या गाडीत, सगळ्या काचा बंद. विजयदुर्गात शिरताना बघणाऱ्यांना वाटे, काय थाटात चाललाय माणूस! आत थाटाचं सार होत असे. एकदा मी बरोबर होतो. कादरभाई पडवीत खुर्चीवर बसलेले. मामा उतरले तेव्हा त्यांचा सदरा अंगाला असा चिकटला होता की आतल्या बनियनवरचा शिक्का वाचता यावा.

“एसी कसो चलता रे?” कादरभाईंनी विचारलं.

“थंडगार! काकडलंय मेल्या.”

“मगे ह्यो घाम?”

“घाम नाय रे तो. थंड बाटली भायर काढली काय तिका पाणी सुटता मां? तसा.”

कादरभाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि आतून सरबत मागवलं. मी दोन ग्लास प्यायलो, कारण मीही त्याच बाटलीतून बाहेर आलो होतो.

मामींनी हे सगळं किती सोसावं? मालवणला एका लग्नाला त्या या गाडीतून उतरल्या तेव्हा नवरीच्या आत्याने कळवळून विचारलं, “थंय पावस पडलो काय गो?” त्या दिवशी मामी घरी आल्या, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, “हे गाडयेत मी परत बसूचंय नाय. तुमचे दात बसवलेले, डोळ्यातला भिंग बसवलेला, केसांक काळो रंग. ह्या घरात कंपनीचो रवलो तो फक्त तुमचो हट्ट.” यावर मामांनी दात काढून धुवायला नेले, म्हणजे उत्तर द्यायचा प्रश्न उरला नाही. तेव्हापासून सावंतवाडीहून मी सुट्टीला जामसंड्याला गेलो की आमची वरात निघायची. पुढे काळ्या गाडीत घामाघूम मामा, मागे माझ्या छोट्या गाडीत एसी लावून मी आणि मामी. चढावर मामा आरशातून आमच्याकडे बघत. मामी त्यांना दिसावं म्हणून अंगावर शाल घेत.

मामांना बळ देणारा एक व्हॉट्सॲप गट होता. जुन्या गाड्या मूळ रूपात जपणाऱ्या मंडळींचा. त्याचे ॲडमिन पुण्यातले एक निवृत्त गृहस्थ; एक स्क्रू बदलला की गाडी मेली, असं त्यांचं मत. या गटात गाड्यांचे वाढदिवस साजरे होत. कुणीतरी हॉर्न बदलल्याचं कबूल केलं तेव्हा ॲडमिननी हात जोडलेली चित्रं टाकली आणि बाकीच्यांनी ‘भावपूर्ण’ लिहिलं. मामांच्या मेलेल्या एसीचं मात्र तिथे भारी कौतुक. ‘बंद आहे पण अस्सल आहे!’ ॲडमिननी लिहिलं होतं. ते वाक्य मामा आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत, आणि मामी आतून विचारत, “ह्या गाडयेबद्दल लिवलंहा की तुमच्याबद्दल?”

असं चालत राहिलं असतं. पण ऐन मे महिन्यात सावंतवाडीला कादरभाईंच्या नातीचं लग्न ठरलं आणि त्यांचा फोन आला. मी समोरच बसलो होतो. कादरभाईंचा आवाज मोठा, त्यामुळे स्पीकर लावायची गरज नसते.

“पोरगे मोठी गाडी घेवन येतत मुंबैसून. पण मी तेंच्या गाडयेत बसूचंय नाय. मी माझ्या गाडयेतसून जातलंय. तू चालव. काचो वर, एसी चालू. लग्नाक असो उतरान दाखवतंय!”

“हो तर!” मामा म्हणाले. फोन ठेवला आणि ते बराच वेळ फोनकडेच बघत बसले. विजयदुर्ग ते सावंतवाडी, मे महिना, कादरभाईंची ती प्रकृती. छातीचं दुखणं त्यांनी नुकतंच काढलं होतं. बाटलीच्या पाण्याची गोष्ट तिथे चालणार नव्हती.

मामांनी गटावर हाक मारली. कुणीतरी मुंबईच्या भंगारबाजारातल्या एका माणसाचा पत्ता दिला, आणि त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की अगदी तोच कॉम्प्रेसर, त्याच गाडीचा, जर्मनीहून आलेला, पेटीसुद्धा न फोडलेला, आणि सोबत जुन्या गॅसचा डबाही. रात्रीच्या बसने पार्सल आलं. त्यावर जर्मन अक्षरांचं चकचकीत स्टिकर होतं. मामांनी पार्सलला हार घातला. कणकवलीचा एसीवाला नाराजीने, पण मुकाट्याने तो बसवून गेला. बटण दाबलं. कंपनीच्या जाळ्यांतून खरंच गार वारा आला! मामांचे डोळे भरून आले. त्यांनी मामींना हाक मारली. मामी येईपर्यंत आतून सोडे भाजल्यासारखा वास आणि पिंपात नारळ गडगडावेत तसा आवाज यायला लागला, आणि मग काहीच येईनासं झालं. मामांनी बॉनेट उघडून स्टिकर नखाने उचकटलं. त्याखाली दुसरं स्टिकर होतं. तेही उचकटलं. त्याखाली लोखंडात ठसठशीत कोरलं होतं की हा भाग अमुक एका मिनीबसचा आहे.

डोळे मिटून आंबा ओळखणारा माणूस एका लेबलाला फसला होता. मी हसणार होतो, पण मामींकडे बघितलं आणि राहिलो. त्या हसल्या नव्हत्या. हसल्या असत्या तर मामांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, “जेवक चला.”

आमटी वाढता वाढता मामी म्हणाल्या, “कादरभाईंका सांगा मां. एसी नाय म्हणान सांगा. ते काय तुमका मारूचे नायत.”

“तेणी माझ्या हातात दिलेली,” मामा म्हणाले.

“मगे काय, काचो वर करून नेतलात तेंका? लग्नाच्या जाग्यार हॉस्पिटलात पोचतले. गाडी ऱ्हवतली कंपनीची, माणूस जायत.”

मामांनी भातात हात फिरवला, एक घास घेतला, दुसरा घेतला नाही. पानावरून उठून त्यांनी हात धुतला आणि कणकवलीला फोन लावला. “ये,” ते म्हणाले. “तुझी भोका घेवन ये.”

एसीवाल्याने गाडी कणकवलीलाच आणायला लावली. भोकं पडत होती तेव्हा मामा शेजारच्या चहाच्या दुकानात पाठ करून बसले होते. आतून ड्रिलचा आवाज आला की ते डोळे मिटत. चहावाल्याने मला हळूच विचारलं, “पेशंट कोण आसा?” संध्याकाळपर्यंत डॅशबोर्डच्या खाली काळी पेटी लटकली. वारा इतका गार की मामींनी खरोखर पदर खांद्यावर ओढला. मामा मात्र पेटीकडे बघत नव्हते. घरी येऊन त्यांनी एक टॉवेल शोधला आणि पेटी झाकली; वाऱ्यापुरती खाली फट ठेवली. कादरभाईंना दिसू नये म्हणून.

लग्नाच्या दिवशी आम्ही विजयदुर्गला गेलो. कादरभाई पांढऱ्या कुडत्यात, अत्तर लावून, काठी टेकत तयार होते. घरची मंडळी आधीच पुढे गेली होती. कादरभाई मागे माझ्या शेजारी बसले, पुढे मामा आणि मामी. काचा वर. एसी चालू. पण टॉवेलखालून येणारा सगळा गारवा मामींच्या गुडघ्यांवर जात होता. मागे आमच्यापर्यंत येत होता तो फक्त आवाज.

“कादर, थंड लागता मां?” मामांनी तळेऱ्याच्या अलीकडे विचारलं.

“लागता, लागता. बरा लागता,” कादरभाई म्हणाले आणि रुमालाने कानामागे पुसलं.

थोड्या वेळाने परत, “बंद करू काय? थंडी वाजतली तुका.”

“नको, ऱ्हवांदे,” कादरभाई म्हणाले. त्यांचा कुडता छातीशी ओला झाला होता. मी काही बोलणार तेवढ्यात मामींनी पुढे वाकून तो टॉवेल ओढून काढला. “पुरे झाला तुमचा!” त्या म्हणाल्या. “तुमी रस्तो बघतास. माका आरशात तेंचा तोंड दिसता. तेंका उकडताहा.”

मामांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. हायवेवरून ट्रक जात होते आणि आमच्या गाडीत ती काळी पेटी उघडी पडून गुरगुरत होती. मामा मागे न बघता बोलले. कंपनीचा एसी पहिल्याच उन्हाळ्यात गेला. तेव्हापासून तुझ्याकडे येताना मी काचा वर करून येतोय. आणि आता गाडीला भोकं पाडून हा लोकल बसवलाय. “जशी दिल्लंस तशी ठेवक जमूक नाय माका,” ते म्हणाले. त्यांच्याइतक्या हट्टी माणसाच्या तोंडून असं वाक्य मी पूर्वी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

कादरभाईंना हसू यायला लागलं, आणि हसता हसता खोकला. मामी घाबरून पाण्याची बाटली पुढे करू लागल्या.

“अरे, तो कंपनीचो एसी हय हाडल्यार पयल्याच पावसात गेलो,” ते म्हणाले. “खाऱ्या वाऱ्याक टिकूक नाय. तुका दिताना कोचीनसून जुनो गॅस हाडून भरलंय, म्हणान म्हयनोभर चललो आसतलो.”

मामा वळले. “म्हणजे तू इतकी वर्सां...?”

“काचो वर करून फिरलंय. बहारीनसून इलेलो माणूस, तेच्या गाडयेक लोकल एसी? लोक काय म्हणतले?” ते हसत होते, पण मग हसणं हळूहळू थांबलं. त्यांची बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. “हमीदा बाजूक बसायची. घामान न्हावन जायची. एक छोटो पंखो घेवन यायची ती, पण तो मांडयेर धरून वारो घ्यायची. काचेतसून कोणाक दिसू नये म्हणान. माझी अब्रू.” त्यांनी काठीची मूठ दोन्ही हातांत धरली. “तुझ्या बायलेन टॉवेल तरी ओढल्यान. तिणा कधी काय बोलूक नाय रे.”

मामी दार उघडून खाली उतरल्या. मागचं दार उघडून म्हणाल्या, “कादरभाई, तुमी पुढे बसा.” ते नको नको म्हणत होते, पण मामींपुढे कुणाचं चाललंय? त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या, वर्तमानपत्राची घडी करून वारा घेऊ लागल्या आणि मध्येमध्ये माझ्याकडेही ढाळू लागल्या. पुढे दोघे म्हातारे त्या पेटीसमोर बसले होते. कणकवली मागे पडली. कुडाळच्या जवळ कादरभाईंनी पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, “बरो आसा रे.”

मामा म्हणाले, “आसा मां?”

सावंतवाडीला हॉलसमोर कादरभाई उतरले ते कोरडे, अत्तराचा वास कायम असलेले. मुलगा धावत पुढे आला, आत डोकावला आणि म्हणाला, “अब्बा, हो काय लोकल बसवल्यानी?” मामांचा चेहरा पडायच्या आत कादरभाई म्हणाले, “लोकल नाय तो. घरचो आसा.” आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. त्या दिवशी मामांनी बिर्याणीचा वास घेऊन तांदूळ कुठला ते सांगितलं नाही. दोनदा वाढून घेतली, एवढंच.

गटावर मामांनी डॅशबोर्डचा फोटो टाकला, पेटीसकट. ॲडमिननी हात जोडले. मामांनी त्यांना उत्तरादाखल हात जोडले आणि गटातून बाहेर पडले. मामी आता गाडीत पुढे बसतात, शाल घेऊन. कधी कधी दोघं काही काम नसताना कुणकेश्वरापर्यंत जाऊन येतात, असं शेजारी सांगतात.

पावसाळ्यानंतर कादरभाईंना मुलांनी मुंबईला नेलं. एकटे कसे राहणार, हे त्यांचं बरोबरच होतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं विजयदुर्गला गेलो. किल्ला बघू या, असं मामी म्हणाल्या होत्या, पण मामांनी गाडी सरळ कादरभाईंच्या दाराशी नेली. दाराला कुलूप होतं. पडवी झाडलेली नव्हती. मामांनी इंजिन बंद केलं नाही आणि उतरलेही नाहीत. थोडा वेळ कुलपाकडे बघून त्यांनी हॉर्न वाजवला, एकदाच, हलकेच.

शेजारच्या घरातून एक बाई ओले हात पुसत बाहेर आली. “घरात कोण नाय हो,” ती म्हणाली.

“म्हायत आसा गो,” मामा म्हणाले. आणि मामींनीही निघू या असं म्हटलं नाही.